कोकम प्रक्रिया गृहउद्योग

कोकम प्रक्रिया गृहउद्योग हा कोकण आणि गोव्यातील ग्रामीण कुटुंबांचा लघुव्यवसाय आहे. घरच्या परसातील किंवा गावातून खरेदी केलेल्या रातांब्यांपासून आमसूल, आगळ, अमृत कोकम, मुठेल इत्यादी पदार्थ तयार करून ते विकणे असे त्याचे स्वरूप असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील दोन जिल्हे या व्यवसायाचे प्रमुख क्षेत्र असून गोवा व कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातही तो आढळतो. बहुतेक ठिकाणी हे काम घरातील स्त्रिया करतात. शेती, आंबा-काजूची बाग किंवा मुंबईहून येणारा पैसा यांना जोड म्हणून त्याकडे पाहिले जाते. काही कुटुंबांत मात्र तोच मुख्य उत्पन्नाचा आधार झाला आहे.

अल्प भांडवलात, घराच्या पडवीत सुरू करता येणारा व्यवसाय अशी या उद्योगाची ख्याती आहे. ती बव्हंशी खरी आहे. तथापि उत्पादनाचा सर्व काळ एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंतच्या काही आठवड्यांत सामावलेला असतो आणि विक्री मात्र वर्षभर चालते. कुटुंबाचे यश पदार्थाच्या चवीइतकेच हा मधला काळ निभावून नेण्यावर अवलंबून असते.

कच्चा माल

कोकमाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका असे आहे. हा पश्चिम घाट आणि कोकणपट्टीतील सदाहरित वृक्ष आहे. फळाला रातांबा म्हणतात. गोव्यात व दक्षिण कोकणात भिरंड हे नाव रूढ आहे. व्यवहारात मात्र कोकम हा शब्द झाड, फळ, वाळवलेली साल आणि सरबत या सर्वांसाठी वापरला जातो, त्यामुळे खरेदी-विक्रीच्या बोलण्यात काही वेळा घोटाळा होतो. फळ लिंबाएवढे, पिकल्यावर गडद लाल ते जांभळे होणारे असते. त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग साल असते आणि उरलेला भाग आंबटगोड गर व त्यात गुरफटलेल्या पाच ते आठ बियांचा असतो.

कोकमाची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून वाढवलेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी रोपे नर निघतात आणि हे कळण्यास सात-आठ वर्षे जातात. त्यामुळे पूर्वी कोकमाची मुद्दाम लागवड फारशी होत नसे. परसात, बांधावर आणि देवराईच्या कडेला आपोआप उगवलेली झाडे हाच मालाचा स्रोत होता आणि अजूनही मोठ्या प्रमाणावर तोच आहे. मृदुकाष्ठ कलमांमुळे ही अनिश्चितता दूर झाली. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती प्रसारित केल्या आहेत. त्यांपैकी कोकण अमृता ही जाती पावसापूर्वी फळे काढणीस येण्याच्या दृष्टीने विशेष उपयुक्त मानली जाते.

हे उपयुक्तपण समजण्यासाठी कोकणातील मे महिना डोळ्यांसमोर आणावा लागतो. रातांबे पिकू लागतात ते एप्रिलच्या मध्यापासून. अनेक गावठी झाडांचा मुख्य बहर मेच्या उत्तरार्धात हाती येतो. याच वेळी आंब्याचा शेवटचा तोडा, काजू बी गोळा करणे आणि पावसाळ्याची बेगमी ही कामे चालू असतात. मजूर मिळत नाही. मेच्या मध्यानंतर वळवाचा पाऊस केव्हाही येतो आणि मृग नक्षत्राच्या सुमारास मोसमी पाऊस सुरू झाला की झाडावर राहिलेली फळे गळतात, सडतात. पाऊस लागलेल्या फळाची साल पाणीदार होते आणि ती वाळवली तरी नीट टिकत नाही. कोकमाच्या पिकाचा मोठा वाटा दरवर्षी अशा प्रकारे झाडाखालीच वाया जातो. गावात रातांबे मुबलक आहेत, म्हणून कच्चा माल फुकट आहे असा हिशेब नवखा उद्योजक करतो. प्रत्यक्षात खर्च फळाचा नसून ते योग्य दिवशी उतरवून त्याच दिवशी फोडण्याचा असतो. झाडे उंच वाढतात व त्यांच्या फांद्या ठिसूळ असल्यामुळे चढणे धोक्याचे असते. झेल्याने किंवा शिडी लावून काढणी करणे हळू, परंतु सुरक्षित असते.

आमसूल

आमसूल हा या उद्योगातील सर्वांत जुना आणि सर्वांत कमी रोख खर्चाचा पदार्थ आहे. फळे धुऊन दोन भाग करतात, गर व बिया वेगळ्या काढतात आणि त्यांत जाडे मीठ घालून रस सुटू देतात. या खारट रसात साली रात्रभर भिजत ठेवून दिवसा उन्हात वाळवतात. भिजवणे आणि वाळवणे हे चक्र पुन्हा पुन्हा केले जाते. त्याला पुट देणे म्हणतात. तीन-चार किंवा त्याहून अधिक पुटे दिलेली साल काळसर लाल, मऊ, किंचित चिकट आणि भरपूर आंबट होते. एकच पुट दिलेले आमसूल वजनाला हलके आणि चवीला फिके राहते. बाजारात दोन्ही एकाच नावाने विकले जातात. माहीतगार गिऱ्हाईक बोटांनी दाबून आणि वास घेऊन त्यांतील फरक ओळखते.

या प्रक्रियेला इंधन, यंत्र किंवा साखर लागत नाही. लागते ते मीठ, स्वच्छ जागा आणि सलग ऊन. वाळवण अंगणात घातले तर धूळ, माश्या आणि कोंबड्या यांच्यापासून ते राखावे लागते आणि ढग दिसताच सर्व साली आत घ्याव्या लागतात. अर्धवट वाळलेल्या सालींवर पावसाचे पाणी पडल्यास बुरशी धरते आणि तो माल टाकून द्यावा लागतो. प्लास्टिक आच्छादनाचे सौर वाळवणयंत्र या टप्प्यावर सर्वाधिक उपयोगी पडते. आत धूळ येत नाही, तापमान बाहेरच्यापेक्षा अधिक राहते आणि अवकाळी सरीमुळे घाण्याचे नुकसान होत नाही. मोठे यंत्र परवडत नसल्यास अनेक कुटुंबे जमिनीपासून उंच बांधलेल्या मांडवावर जाळी व वर पारदर्शक कागद लावून हेच काम भागवतात.

आगळ

मीठ घातलेल्या गरातून व सालीतून निथळणारा, गाळून बाटलीत भरलेला गडद लाल रस म्हणजे आगळ. सोलकढी, आमटी आणि माशांचे कालवण यांत त्याचा वापर होतो. रसाची मूळची तीव्र आम्लता आणि भरपूर मीठ या दोहोंमुळे तो उष्णता न देताही टिकतो. मीठ कमी पडल्यास रस फसफसतो, म्हणून चवीला सोसेल एवढेच मीठ घालण्याचा मोह टाळावा लागतो. आगळ वापरताना पाण्याने पातळ होणारच असते. आयोडीनयुक्त बारीक मिठाऐवजी सिंधुदुर्गातील शिरोड्यासारख्या मिठागरांवरचे जाडे मीठ वापरण्याची जुनी पद्धत आहे. ते स्वस्त पडते हे त्याचे एक कारण आहे. मात्र ते चाळून, निवडून घ्यावे लागते, अन्यथा बाटलीच्या तळाशी माती दिसते.

अमृत कोकम

साखरेत मुरवलेल्या कोकमाच्या पाकाला अमृत कोकम म्हणतात. शहरी बाजारात सर्वाधिक मागणी या पदार्थाला आहे. ताज्या, घट्ट, पूर्ण पिकलेल्या फळांच्या साली स्टीलच्या किंवा अन्नयोग्य प्लास्टिकच्या पिंपात साखरेबरोबर थर देऊन ठेवतात. प्रचलित प्रमाण एक किलो सालीस दोन किलो साखर असे आहे आणि सर्वांत वरचा थर साखरेचा असतो. पिंप झाकून रोज एकदा स्वच्छ पळीने ढवळतात. साखर सालीतील रस ओढून घेते आणि सुमारे सात दिवसांत पूर्ण विरघळते. नंतर पाक गाळून त्यात चवीपुरते मीठ, जिऱ्याची पूड आणि परिरक्षक मिसळून बाटल्या भरतात. संपूर्ण कृतीत चूल पेटवावी लागत नाही. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातील रंगद्रव्यांचा असून तो उष्णता आणि प्रकाश यांनी फिका पडतो. त्यामुळे पाक उकळून लवकर काम उरकण्याचा प्रयत्न रंगाच्या दृष्टीने तोट्याचा ठरतो. बाटल्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवण्याचे कारणही हेच आहे. दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात मांडलेले सरबत काही आठवड्यांत तपकिरी दिसू लागते आणि ग्राहकाला ते जुने वाटते.

पाक गाळल्यावर उरलेल्या गोड साली टाकून देऊ नयेत. त्या वाळवून गोड आमसूल म्हणून विकता येतात आणि मुले त्या आवडीने खातात. या सालींत साखरेचा बराच भाग अडकलेला असल्यामुळे त्या फेकणे म्हणजे विकत घेतलेली साखरच फेकणे होय.

मुठेल

आमसूल व आगळ करून झाल्यावर उरलेल्या बिया धुऊन वाळवतात. त्या फोडून आतील मगज कुटून पाण्यात उकळल्यास वर तवंग येतो. तो गोळा करून थंड केला की पांढरट, घट्ट मेद मिळते. ते मुठीने वळून त्याचे गोळे करतात, यावरून मुठेल हे नाव पडल्याचे सांगतात. मगजात ४० टक्क्यांहून अधिक मेद असते. त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त असल्यामुळे ते सामान्य तापमानाला घट्ट राहते आणि सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळते. पायांच्या भेगा, फुटलेले ओठ यांवर ते कोकणात परंपरेने लावले जाते. सौंदर्यप्रसाधन उद्योगात कोकम बटर या नावाने त्याला मागणी आहे, परंतु त्या उद्योगाला लागणारे प्रमाण, शुद्धता आणि सातत्य एका घराला जमणारे नसते. घरोघरच्या बिया वाळवून एकत्र विकणे हा मार्ग बहुतेकांना अधिक सोयीचा ठरतो. बिया वाळवून ठेवता येत असल्याने मुठेलाचे काम पावसाळ्यातही करता येते. या उद्योगातील हंगामाबाहेरचे एवढेच एक काम आहे.

टिकवण आणि दर्जा

कोकमाच्या रसाचा सामू साधारणतः ३ पेक्षा कमी असतो. एवढ्या आम्ल पदार्थात अन्नविषबाधेचे घातक जिवाणू वाढू शकत नाहीत आणि म्हणून नवशिक्या कुटुंबासाठी कोकम हे फणसाचे गरे किंवा भाज्या डबाबंद करण्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित फळ आहे. किण्व आणि बुरशी मात्र आम्लाला दाद देत नाहीत. फसफसलेली बाटली, उडालेले झाकण आणि पृष्ठभागावरची पांढरी साय ही त्यांची चिन्हे आहेत. अशी एक पेटी परत आली की दुकानदार पुढच्या हंगामात माल ठेवत नाही.

साखरेची तीव्रता रिफ्रॅक्टोमीटर या हातात मावणाऱ्या उपकरणाने मोजतात. भारतीय अन्न मानकांनुसार फळांच्या पाकात विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के असावे लागतात. जिभेने हा अंदाज येत नाही, कारण कोकमाच्या आंबटपणामुळे साखर कमी वाटते. पावसाळी हवेत ओलसर फळे वापरली तर तेच प्रमाण घेऊनही पाक पातळ होतो आणि मोजमाप न करणाऱ्याला हे बाटली फसफसल्यावरच कळते.

परिरक्षक म्हणून सोडियम बेंझोएट वापरतात. अनेक फळांच्या सरबतांसाठी वापरले जाणारे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट कोकमासाठी योग्य नाही, कारण त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड लाल रंग घालवतो. परिरक्षकाची मर्यादा किलोमागे काही शे मिलिग्रॅम एवढीच असते. किलोला ६०० मिलिग्रॅम धरले तर दहा किलो पाकासाठी अवघे सहा ग्रॅम लागतात. हे प्रमाण चिमटीने घेणे म्हणजे एका बाटलीत नियमापेक्षा अधिक आणि दुसरीत काहीच नाही असे होणे. त्यामुळे ग्रॅमचा अंश दाखवणारा छोटा वजनकाटा ही या उद्योगातील चैनीची वस्तू नसून गरजेची वस्तू ठरते. पावडर आधी थोड्या पाकात पूर्ण विरघळवून मगच सर्व पाकात मिसळतात.

लोखंड, तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम यांची भांडी कोकमाला चालत नाहीत. आम्लाचा धातूशी संयोग होऊन रंग व चव बिघडते आणि धातूचे अंश पदार्थात उतरतात. चिनी मातीच्या बरण्या, काच, स्टील आणि अन्नयोग्य प्लास्टिक वापरावे. रंगाचे किंवा रसायनांचे रिकामे डबे धुऊन वापरण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते; ती सर्वथा अयोग्य आहे.

भांडवल आणि कुटुंबाचा हिशेब

आमसूल आणि आगळ यांपुरता व्यवसाय मर्यादित ठेवल्यास पिंपे, सुऱ्या, जाळ्या, वजनकाटा आणि बाटल्या एवढ्यावर काम सुरू होते. अमृत कोकम करायचे ठरले की चित्र बदलते. १०० किलो रातांब्यांपासून सुमारे ५० किलो साल मिळते आणि तिला १०० किलो साखर लागते. साखर किलोला ४५ रुपये धरली, तर हा खर्च ४,५०० रुपये होतो. ५०० किलो फळे घेतली तर केवळ साखरेसाठी २२,५०० रुपये एकाच आठवड्यात काढावे लागतात आणि बाटल्या, झाकणे, लेबले व खोकी यांचा खर्च वेगळा असतो. यातील पहिला पैसा परत येण्यास महिना लागतो. शेवटचा येण्यास पुढचा उन्हाळा उजाडतो. मधल्या काळात शाळांची फी, भातलावणीची मजुरी आणि गणेशचतुर्थीचा खर्च येऊन गेलेला असतो. कोकणात असे अनेक घरगुती उद्योग चांगला पदार्थ असूनही दुसऱ्या वर्षी थांबतात. सणासुदीला घरात लागलेला पैसा धंद्याच्या भांडवलातून गेलेला असतो आणि मे महिना येतो तेव्हा साखरेपुरतीही रक्कम शिल्लक नसते. विक्रीच्या प्रत्येक रकमेतून पुढील हंगामाच्या साखरेचा व बाटल्यांचा वाटा वेगळ्या खात्यात ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे, मात्र तो पाळणे कठीण जाते.

दुसरी बाब श्रमांची आहे. घरच्या माणसांची मजुरी हिशेबात न धरल्यास प्रत्येक घाणा फायद्यात दिसतो. समजा, दोन स्त्रियांनी दहा दिवस रोज चार तास फळे फोडणे, पुटे देणे आणि वाळवण राखणे ही कामे केली, तर एकूण ८० तास, म्हणजे आठ तासांचे दहा दिवस होतात. गावातील मजुरीचा दर दिवसाला ४०० रुपये असेल, तर या श्रमांचे मोल ४,००० रुपये आहे. विक्रीतून रोख खर्च वजा जाता उरलेली रक्कम याहून कमी असल्यास त्या कुटुंबाला नफा झालेला नाही. घरच्या बायकांनी कमी मजुरीत काम केले एवढाच त्याचा अर्थ आहे. तरीही तो व्यवसाय निरर्थक ठरत नाही, कारण अंगणात बसून, मुलाबाळांकडे लक्ष ठेवून आणि शेतीच्या वेळा सांभाळून मिळणारा रोजगार गावात सहसा अन्य नसतो. ही निवड जाणीवपूर्वक व्हावी एवढ्यासाठी हिशेब लिहून ठेवणे आवश्यक आहे. उत्पन्न कोणाच्या नावे जमा होते हा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. काम स्त्रीचे आणि बँक खाते पतीचे, अशी स्थिती असल्यास पुढे कर्ज मागताना तिच्या नावावर कोणताही व्यवहार दिसत नाही.

केवळ कोकमावर वर्ष निघत नाही. त्यामुळे टिकून राहिलेली बहुतेक कुटुंबे आंबापोळी, फणसपोळी, करवंदाचे लोणचे, कुळथाचे पीठ, मालवणी मसाला आणि तांदळाचे पापड यांची जोड देतात. एकच ग्राहक वर्षातून अनेकदा परतावा हा त्यामागील हेतू असतो.

नोंदणी आणि कायदेशीर बाबी

घरात तयार केलेला असला, तरी विक्रीसाठीचा खाद्यपदार्थ अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कक्षेत येतो. २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांनी वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठरवले. त्यावरील उलाढालीस परवाना लागतो. या मर्यादांत व शुल्कांत वेळोवेळी बदल होत असल्याने अर्ज करताना चालू नियम पाहून घ्यावे लागतात. अर्ज ऑनलाइन होतो. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. मिळालेला १४ अंकी क्रमांक प्रत्येक वेष्टनावर छापणे बंधनकारक असते. त्याशिवाय पदार्थाचे नाव, घटक, शाकाहारी असल्याचे हिरवे चिन्ह, निव्वळ वजन, घाणा क्रमांक, उत्पादनाची तारीख, टिकण्याची मुदत, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पत्ता व तक्रारीसाठी संपर्क हा तपशील लेबलवर असावा लागतो. परिरक्षक वापरला असल्यास तो लेबलवर नमूद करावा लागतो. ‘पूर्णपणे नैसर्गिक’ असे छापून आत बेंझोएट घालणे हा कायद्याचा भंग आहे.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून ती विनामूल्य आहे. पैसे घेऊन ती करून देणारे मध्यस्थ गावोगाव आढळतात. वस्तू व सेवा कराची नोंदणी महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीसाठी ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. मात्र राज्याबाहेर माल विकायचा असेल तर ही सूट लागू होत नाही. सावंतवाडी किंवा बांद्याच्या उत्पादकाला गोव्याची बाजारपेठ तासाभराच्या अंतरावर असूनही कायद्याच्या दृष्टीने ती परराज्यातील विक्री ठरते.

सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. त्याचे चिन्ह वापरण्यासाठी केवळ त्या जिल्ह्यांत राहणे पुरेसे नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते.

अर्थसाहाय्य

केंद्र शासनाने २९ जून २०२० रोजी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना सुरू केली. तीत वैयक्तिक उद्योगांना पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, परंतु कमाल १० लाख रुपये, कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले. उद्योजकाचा स्वतःचा वाटा किमान १० टक्के असावा लागतो. स्वयंसहायता गटातील अन्न प्रक्रिया करणाऱ्या सदस्यांसाठी प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद करण्यात आली, जी खेळते भांडवल आणि छोट्या साधनांसाठी वापरता येते. महाराष्ट्रात हे गट बहुधा उमेद अभियानाशी किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाशी जोडलेले असतात.

अनुदान या शब्दाने अनेकांचा गैरसमज होतो. वैयक्तिक अनुदानाची रक्कम उद्योजकाच्या हातात पडत नाही. ती कर्जखात्याशी जोडून ठेवली जाते आणि तीन वर्षांनंतर, खाते थकीत नसल्यास, कर्जात वळती होते. तोवर हप्ते भरत राहावे लागतात. शिवाय हे साहाय्य मुख्यतः यंत्रे व साधनांसाठी असते आणि कोकम उद्योगाची खरी टंचाई मे महिन्यातील साखरेच्या पैशाची असते. गटाचे बीजभांडवल किंवा बँकेची रोख पतमर्यादा ही गरज अधिक नेमकेपणाने भागवते. पहिल्या वर्षी पल्पर, बाटली भरण्याचे यंत्र आणि शेड यांवर कर्ज काढून विक्रीची घडी बसण्यापूर्वीच हप्त्यांत अडकणे हा या क्षेत्रातील वारंवार दिसणारा प्रकार आहे.

विक्री

कोकणातील घरगुती मालाची सर्वांत जुनी वितरणव्यवस्था चाकरमान्यांची आहे. मुंबई, ठाणे, पुणे येथे नोकरी करणारे नातेवाईक मे महिन्यात आणि गणेशोत्सवात गावी येतात आणि परतताना आमसूल, आगळ व सरबत घेऊन जातात, शेजाऱ्यांसाठीही नेतात. मेच्या सुट्टीत त्या वर्षीचा माल पुरता तयार झालेला नसतो, म्हणून आमसुलाची मोठी विक्री गणपतीत आणि सरबताची पुढील उन्हाळ्यात होते. मुंबई-गोवा महामार्गावरील टपऱ्या, आठवडी बाजार, पर्यटक उतरणारी घरे आणि शहरांतील मालवणी खाद्यमहोत्सव हे इतर मार्ग आहेत. घाऊक व्यापारी सर्व माल एकदम उचलतो आणि रोख देतो, परंतु दर तोच ठरवतो. हंगामाच्या अखेरीस घरात साठवणीची जागा नसेल किंवा उधारी अंगावर असेल, तर त्याला नकार देता येत नाही. कोरड्या, उंदीर न येणाऱ्या साठवणीच्या खोलीमुळे कुटुंबाला दरासाठी थांबता येते, म्हणून तिचे महत्त्व यंत्रापेक्षा कमी नाही.

काचेच्या बाटल्या कुरिअरने पाठवणे जोखमीचे व महाग पडते. प्लास्टिक बाटल्यांत किंवा पिशव्यांत पॅकिंग स्वस्त असते. मात्र आंबट-खारट आगळासाठी झाकणाची पकड चांगली नसल्यास वाटेत गळती होऊन संपूर्ण खोके खराब होते. त्यामुळे दूरच्या ग्राहकाला आमसूल आणि जवळच्या ग्राहकाला आगळ व सरबत अशी विभागणी अनेक उत्पादक करतात. आमसूल हलके असते, गळत नाही आणि कोरडे ठेवल्यास वर्षभर टिकते. रोख भांडवल सर्वांत कमी मागणारा पदार्थ दूरच्या बाजारासाठीही सर्वांत सोयीचा आहे.